मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरावीक शब्दांतली कबुली) रोज म्हटल्याने विश्वास खरंच दृढ होतो, की ती नुसती घोकंपट्टी ठरते?

हो, दृढ होऊ शकतो, कारण मतांगीकार विश्वासाला आपल्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोडत नाही. प्रेषितांच्या मतांगीकाराचं मूळ रोममधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या कबुलीत आहे आणि त्यात भावनांबद्दल जवळजवळ काहीच नाही. देव निर्माणकर्ता आहे, येशू कुमारी मरियेपासून जन्मला, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या वेळी वधस्तंभावर खिळला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. प्रार्थना कोरडी वाटते त्या दिवशीही ही वाक्यं तशीच्या तशी उभी असतात, आणि मला तर तोच त्याचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो. प्राचीन मंडळीतले बिशप संत ऑगस्टीन बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना सांगत, मतांगीकार उठताना आणि झोपताना म्हणा, आरशात पाहावं तसं त्यात स्वतःला पाहा. धर्मसुधारक मार्टिन लूथरनेही 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत तो ठेवला. दुसरा फायदा समतोलाचा: आपण आवडीचेच मुद्दे धरून बसतो, इथे न्याय, पापक्षमा, पुनरुत्थान, सगळ्यांवरून जावं लागतं. नायसियाचा मतांगीकार (325, पुढे 381 मध्ये विस्तारलेला) ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी अधिक नेमका आहे. तो रविवारी मंडळीसोबत म्हणणं उत्तम.

फक्त एक, घाईत पुटपुटून फार काही साधत नाही. आठवड्याला एकच ओळ घ्या, तिच्याशी जुळणारा शास्त्रभाग वाचा. एखाद्या ओळीवर शंका असेल तरी म्हणणं थांबवू नका. मार्क 9:24 मधल्या, मुलासाठी मदत मागणाऱ्या बापाने विश्वास आणि अविश्वास दोन्ही येशूसमोर एकाच दमात मांडले होते.