डंबेलने खांदे जास्त दुखतात, मग बारबेल सोडू का?

बारबेलने (दोन्ही हातांनी धरायच्या लांब बारने) ओव्हरहेड प्रेस मारला, म्हणजे वजन खांद्यांपासून डोक्यावर ढकललं, की दुसऱ्या दिवशी काही जाणवत नाही, डंबेलने मारला की टी-शर्ट घालताना हात वर जात नाही, म्हणून बार सोडावा का, असं तुम्ही विचारलंय. नका सोडू. दुखलं म्हणजे लागू पडलं, हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं?

माझ्या डोक्यात आमच्या जिमच्या ट्रेनरने घालून बघितलं होतं. "सर, बारने खांदे जातात. आणि तुमचं अंगच दुखत नाही, म्हणजे काही लागतच नाहीये." मग बसून डंबेल. आमच्याकडे डंबेल अडीच किलोच्या टप्प्याने. 15 वरून 17.5 वर गेलं की दोन्ही हातांचं मिळून एकदम 5 किलो वाढतं, आणि सेटच्या शेवटच्या रेप्सना (उचलण्यांना) डावं कोपर भलतीकडेच जायचं. बारला दोन्हीकडे सव्वा किलोची प्लेट लावली की काम होतं. मी गुपचूप बारच्या रॅककडे परतलो. पकड खांद्यांपेक्षा जरा रुंद, बार तळव्याच्या बुडावर, ढुंगण आवळलेलं, हनुवटी मागे घेऊन बार नाकासमोरून सरळ वर, कपाळ ओलांडलं की डोकं पुढे. आज उभ्याने 60 किलो मारतो, खांदे शाबूत आहेत.

ट्रेनर साहेब स्वतः बार उचलायचे तेव्हा इतके मागे रेलायचे की प्रेस कुठला आणि इन्क्लाइन बेंच (तिरक्या बाकावर रेलून छातीचा व्यायाम) कुठला, कळायचं नाही. याच रेलण्यामुळे पंचांना निवाडा करणं अवघड झालं आणि 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तिथल्या वेटलिफ्टिंगमधून प्रेस काढून टाकला, असं मी त्यांना सांगितलं. "यूट्यूबवरचं ज्ञान," म्हणाले.

असो. डंबेलला दोन्ही हात सुटे सावरावे लागतात आणि डंबेल खांद्याच्या बाजूने बारपेक्षा खोल उतरू शकतं. ताणलेल्या स्नायूने वजन सावकाश खाली आणलं की अंग जास्त आंबतं, त्यात सवय नसेल तर बघायलाच नको. लॅक्टिक ॲसिडचा यात संबंध नाही, ते तासा-दोन तासांत निघून जातं. हे दुखणं 24 ते 72 तासांत चढतं. महिनाभर नियमाने डंबेल मारा, दुखणं बरंचसं ओसरेल. मग काय, डंबेलही सोडणार?

डंबेल वाईट आहेत असं मी म्हणत नाही. डाव्या-उजव्यातला फरक त्यांच्यानेच उघडा पडतो, आणि बारच्या पकडीत ज्यांचा खांदा अडकतो त्यांनी तळवे थोडे आत वळवून डंबेलच मारावेत. मी स्वतः बार झाल्यावर हलक्या डंबेलचे दोन सेट मारतो. मात्र सेट चालू असतानाच खांद्यात टोचत असेल, किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर ते आंबणं नव्हे. तेव्हा ऑर्थोपेडिककडे जा, ट्रेनरकडे नको.