गेमसाठी ‘बायोस’ फाइल उतरवावी का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. सोनीच्या पीएसपी कन्सोलवरचे जुने गेम मोबाइलवर खेळता यावेत म्हणून त्याने पीपीएसएसपीपी हे एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारे अॅप, घेतले आहे. त्यासाठी ‘बायोस’ फाइल लागतेच, असे एका व्हिडिओत सांगितले होते. त्याखालच्या लिंकवरून ३८ एमबीची एपीके (अँड्रॉइड अॅप इन्स्टॉल करण्याची) फाइल उतरली असून, ती टाकण्यापूर्वी गूगलची प्ले प्रोटेक्ट ही सुरक्षा सुविधा बंद करा, अशी सूचना आहे. केळीच्या पट्टीचे पैसे आणि बँकेचे ओटीपी याच मोबाइलवर येतात. काय करावे?
— एक पालक, रावेर

उत्तर : ती फाइल इन्स्टॉल करू नये, लगेच काढून टाकावी. पीपीएसएसपीपीला बायोस फाइल मुळीच लागत नाही. पीएसपीच्या आतले सिस्टिम सॉफ्टवेअर जे काम करीत असे, ते करणारा भाग या एम्युलेटरच्या निर्मात्यांनी स्वतः लिहून त्यातच समाविष्ट केला आहे. त्यामुळे त्याच्यासाठी म्हणून जे कोणी ‘बायोस’ देऊ करते, ते एकतर निरुपयोगी असते किंवा घातक.

बायोस म्हणजे कन्सोल सुरू होताना प्रथम चालणारा, त्याच्या चिपमध्ये साठवलेला छोटासा प्रोग्रॅम. निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय अॅडव्हान्स या कन्सोलची बायोस फाइल नेमकी १६,३८४ बाइट्सची, म्हणजे १६ केबीची असते. त्याच कंपनीच्या निन्टेंडो डीएस या कन्सोलच्या दोन बायोस फाइल १६ आणि ४ केबीच्या असतात. या फाइल एम्युलेटर फक्त वाचते. त्या मोबाइलवर इन्स्टॉल कराव्या लागत नाहीत. म्हणून बायोसच्या नावाखाली एपीके किंवा ईएक्सई (विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल मिळाली, की ती बायोस नाही हे उघड आहे, मग व्हिडिओला कितीही लाइक असोत. प्ले प्रोटेक्ट बंद करायला लावणाऱ्याचा हेतू तर सरळ असूच शकत नाही, कारण हानिकारक अॅप ओळखून अडवणे हेच त्या सुविधेचे काम आहे.

पुढे मुलाला गेम बॉय अॅडव्हान्सचे गेम खेळावेसे वाटले, तर एमजीबीए या एम्युलेटरमध्ये मूळ बायोसऐवजी काम करणारा भाग अंगभूत आहे. डीएससाठीच्या मेलनडीएस या एम्युलेटरच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही तशी सोय आहे. मूळ बायोसवर कंपनीचा कॉपीराइट असतो, म्हणून ती वापरायचीच असेल तर स्वतःच्या कन्सोलमधून काढून घ्यावी. एम्युलेटर मात्र प्ले स्टोअरवरून किंवा निर्मात्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे.

नुसती फाइल उतरल्याने सहसा काही बिघडत नाही. धोका ती इन्स्टॉल करून एसएमएस, नोटिफिकेशन किंवा अॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिल्यावर सुरू होतो, कारण तेव्हा ओटीपी तिसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. मुलाने ती आधीच इन्स्टॉल केली आहे का, हे त्याला न रागावता विचारावे, म्हणजे तो खरे सांगेल. केली असल्यास मोबाइलचे इंटरनेट तोडून सिम काढावे, ‘डिव्हाइस अॅडमिन’ ही अॅपला मोबाइलवर जादा अधिकार देणारी परवानगी सेटिंग्जमधून रद्द करून ते अॅप काढावे आणि दुसऱ्या मोबाइलवरून बँकेचे पासवर्ड बदलावेत. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बँकेला कळवून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.