बर्फाचं हॉटेल बघायला मुलांसोबत पहिल्यांदाच जाताय?

मॉन्ट्रियलहून कॅनडातल्याच क्वेबेक शहराजवळच्या व्हाल्कार्तिए गावातलं बर्फाचं हॉटेल एका दिवसात होतं, नक्की जा! जाऊन-येऊन सहा-सात तासांचा प्रवास धरा आणि पहाटेच निघा, कारण जानेवारीत साडेचारलाच अंधारून येतं. २००१ पासून हे हॉटेल दर हिवाळ्यात नव्यानं बांधतात. लोखंडी साच्यांवर यंत्राने बर्फ फवारतात, तो घट्ट झाला की साचे काढून घेतात. मुलांना हे आधी सांगून ठेवा, मग ती भिंतीला हात लावून बघतात.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- सुती मोजे नकोत. घामाने ओले झाले की पाय गारठतात. लोकरीचे घाला, एक जोड जास्तीची ठेवा.
- आत उणे ३ ते उणे ५ असतं. बाहेरच्या उणे २० मधून आल्यावर ऊबदार वाटतं आणि मुलं टोप्या काढतात. काढू देऊ नका.
- लहानग्यांना बोटांचे हातमोजे नकोत, चारही बोटं एकत्र राहतील असे हवेत. आमच्या लेकीची बोटं पहिल्या वर्षी लालभडक झाली होती, रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं.
- गाडीत जाड जॅकेट घालून बसवू नका, घाम येतो.

डब्यातली पोळी कडक होते. थर्मासात गरम वरण न्या. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, नाहीतर फोटो काढायच्या वेळी बॅटरी उतरलेली असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगचं पुढच्या वेळी बघू.