सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर, म्हणजे गिऱ्हाइकांच्या आधारावर चालणारी शेती) म्हणजे ‘घरपोच भाजी’च ना? मग त्यात वेगळं काय?

नाही, फरक पैसे कधी दिले जातात यात आहे. घरपोच भाजीत माल हातात आल्यावर पैसे. सीएसएमध्ये हंगाम सुरू होण्याआधीच गिऱ्हाईक शेतातल्या पिकाचा ‘वाटा’ विकत घेतं. त्यामुळे बियाणं, खत, मजुरी यांसाठी लागणारी रक्कम शेतकऱ्याकडे पेरणीच्या वेळीच असते, सावकाराकडे जावं लागत नाही. मग हंगामभर दर आठवड्याला जे पिकेल त्याची पेटी सभासदाला मिळते.

खरी गोम इथे आहे: जे पिकेल ते! गारपिटीने टोमॅटो गेले तर पेटीत टोमॅटो नाहीत आणि पैसे परतही नाहीत. उलट काकडी उदंड आली तर महिनाभर कोशिंबीरच खा. म्हणजे जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर राहत नाही.

अमेरिकेत 1986 साली मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन, अशा दोन ठिकाणी हे सुरू झालं. टेंपल-विल्टनची पद्धत मला जास्त भावते. तिथे पेटीला ठरावीक किंमतच नव्हती. शेतीचा वर्षाचा खर्च सभासदांपुढे मांडायचा आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बोली लावून तो भरून काढायचा. जपानमध्ये ‘तेइकेई’ नावाने असा व्यवहार त्याआधी, 1970 च्या दशकातच रुजला होता.

आपल्याकडे कुणी ‘सीएसए’ म्हणून भाजी विकत असेल तर एवढंच विचारा: पीक बुडालं तर काय?