राखणदाराला पोलिसांनी उचललं, तेव्हा

प्रश्न : आमच्या शेतावर सहा वर्षांपासून एक पारधी कुटुंब राखणीला आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीत घरफोडी झाली. दुसऱ्याच रात्री दोनच्या सुमारास पोलिसांनी राखणदाराला झोपेतून उठवून नेलं. त्याची बायको आमच्या दारात येऊन बसली. मिस्टर म्हणाले, आपण मध्ये पडायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो परत आला. केस नाही, कागद नाही. पाय मात्र जमिनीला टेकवत नव्हते. आता गाव म्हणतंय, त्यांना काढा, नाहीतर तुमचंही नाव येईल. मी शिक्षिका आहे. पुन्हा असं झालं तर मी काय करू?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : ताई, फोनवर तुम्ही म्हणालात की तो अजून टाचांवर आणि पावलांच्या कडांवर चालतो. ती चाल मी लहानपणापासून ओळखतो. तळपायावर पोलिसांचा पट्टा बसला की माणूस असाच चालतो. माझे चुलते चौकशीहून आले की घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून पाय बुडवून बसायचे आणि आम्हा पोरांना सांगायचे, काटा मोडलाय. अंगावर वळ दिसत नाहीत, म्हणूनच तळपाय निवडतात. त्याला आजच सरकारी दवाखान्यात न्या, तळपाय बघायला लावा आणि जे दिसतं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवायला सरकारने वसवलेल्या वस्तीत, वाढलो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. माझ्या आजोबांनी तारेच्या कुंपणात हजेरी दिली आहे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, आजोबा 'विमुक्त' झाले. तरी घरफोडी झाली की आधी पालावर जायचं, ही पोलिसांची सवय अजून चालू आहे. माल सापडला नाही तरी माणूस सापडतो.

ही सवय कुठवर नेते ते सांगतो. 2003 मधल्या एका दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात आपल्याच राज्यातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी 5 लाख भरपाई मिळाली. 16 वर्षं तुरुंगात गेली. हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी त्या फोटोंपाशी थांबतो.

मिस्टरांना एवढंच सांगा : तो निर्दोष आहे, असं तुम्ही ठाण्यात छातीठोकपणे म्हणायची गरज नाही. त्याने चोरी केली असेल तर पोलिसांनी अटक करावी, कोर्टात उभं करावं. पट्टा मात्र कुठल्याच कायद्यात नाही. तुम्ही विचारायचं ते एवढंच, की त्याला अटक केली आहे का, आणि केली असेल तर नोंद कुठे आहे. मारहाण होते ती बहुधा नोंद नसलेल्या तासांत.

अटक झाली तर 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. ताई, ती प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे तुमच्यासारखी शिक्षिका. पालावरच्या बाईला गेटवरूनच हाकलतात, तुम्हाला खुर्ची देतील. तिलाही सोबत न्या. साध्या कागदावर अर्ज लिहा : अमुक माणसाला अमुक वाजता नेलं, तो कुठे आहे? त्यावर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या. पारधी आपल्याकडे अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे तिथला वकील मोफत मिळतो. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवा, अशी मागणीही त्याच अर्जात करा. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण किमान वर्षभर ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. मागच्या महिन्यातल्या त्या तीन दिवसांचं चित्रीकरण मागायला अजून वेळ गेलेली नाही.

अर्जात आणखी एक ओळ घाला. 3 ऑक्टोबर 2024 ला, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं आहे. ठाणे अंमलदाराने ऐकलं नसेल तर तुमच्या अर्जातून वाचेल.

राहिला गावाचा प्रश्न. त्यांना काढू नका. शेतावरून निघाले की ते पुन्हा माळावर पाल ठोकतील. बिनपत्त्याच्या माणसाला उचलणं सोपं आणि जामीन मिळणं अवघड. तुमचं शेत हाच त्यांचा पत्ता आहे. तेव्हा हे कुटुंब सहा वर्षांपासून आमच्या गटात राहतं, असं मिस्टरांच्या सहीनिशी लिहून द्या. सातबाऱ्याची झेरॉक्स जोडा. दोन प्रती करा. एक तुमच्या कपाटात आणि एक त्याच्या बायकोजवळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. पावसाळा तोंडावर आहे, पालात कागद भिजतो.