साडेतीन वर्षांच्या मुलीला घरीच, हस्तकलेतून मुळाक्षरं शिकवायची आहेत. सुरुवात कुठल्या अक्षरापासून करू आणि साहित्य काय आणू?

साहित्याचं आधी सांगते, कारण माझी माती तिथेच झाली. पुठ्ठा आणि कात्री घरात असेलच. रंग मात्र अक्षराच्या एकाच बाजूला लावा.

माझा मुलगा तुमच्या मुलीएवढा होता तेव्हा मी क पासून ळ पर्यंत ३४ च्या ३४ व्यंजनं जाड पुठ्ठ्यातून कापली. वर ० ते ९ आकडे. तो झोपला की कात्री घेऊन बसायची. तीन आठवडे लागले, अंगठ्याला घट्टा पडला. शिरोरेघ कापली नाही, तेवढेच कष्ट कमी. त्यामुळे ग, ण आणि श हे तिघं दोन-दोन तुकड्यांत सुटले, काठी वेगळी आणि उरलेलं वेगळं. ते चालवून घेतलं. आणि मग, देखणं दिसावं म्हणून, सगळं पुढून-मागून सारखं रंगवलं. इतकी हौस.

पोरगं डबा उपडा करून तासन् तास खेळायचं. मी खूश. महिन्याभराने पाटीवर ग काढायला लागला तर काठी डावीकडे. म तसाच, न तसाच. मी घाबरले, डोळे तपासून आणले, डोळे उत्तम होते.

तेवढ्यात नणंद राहायला आली. ताईंनी पूर्ण नोकरी पहिली-दुसरीला शिकवण्यात काढलेली, त्यामुळे आमच्या घरात या विषयावरचा शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. त्या जमिनीवर त्याच्याजवळ बसल्या, डब्यातून ३ उचलला, विचारलं हे काय. तो म्हणाला, तीन. मग त्याने तोच पुठ्ठा उलटा केला आणि म्हणाला, सहा. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, तुझ्याकडे छत्तीसचा आकडा एकाच पुठ्ठ्यात आहे!" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे तो आकडा आमच्यात आधीपासून होताच.

त्यांचं म्हणणं: सुट्या अक्षराला उजवं-डावं नसतं, वर-खाली नसतं, मग मूल काय कपाळ शिकणार? बालशिक्षणाची पद्धत घालून देणाऱ्या इटलीच्या माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं, तिथली खरखरीत कागदाची अक्षरं गुळगुळीत पाटीवर पक्की चिकटवलेली असायची, ती का? पाटी उलटी केली तर अक्षरच दिसत नाही. बोट फिरतं ते पेन फिरणार त्याच दिशेने. सुटी अक्षरंही त्या पद्धतीत आहेत, पण शब्द जुळवायला, बोटाने अक्षर ओळखून झाल्यावर. मी नेमकी दुसरी पायरी आधी बांधली होती. हे त्यांचं बरोबर होतं, आणि मी ते तेव्हा कबूल केलं नाही.

आता माझं मत. हस्तकलेच्या नावाखाली जे चालतं त्यातलं निम्मं अक्षरओळख नसून डिंकओळख आहे. मोठा क छापायचा आणि पोराने त्यात कापसाचे बोळे चिकटवायचे. आम्हीही केलं. चार दिवसांनी त्या कागदावर बोट ठेवून विचारलं, हे काय? उत्तर आलं, "कापूस". चुकलं कुठे त्याचं? बोळे कुठूनही कुठेही चिकटतात, त्यात हाताला अक्षराचं वळण कळत नाही. त्याऐवजी सुतळी घ्या, जिथून अक्षर सुरू होतं तिथून ती डिंकावर दाबत न्या. म च्या गाठीपाशी हात आपोआप अडतो, तेच शिकायचं आहे. वाळल्यावर त्यावरून बोट फिरवायचं. पसरट ताटलीत वाळू घेऊन बोटाने काढणं तर सगळ्यात उत्तम, पण त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून लोक करत नाहीत.

माझे पुठ्ठे फेकवेनात. मग एका दुपारी मी खोलीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोरी बांधली. आपली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, रेघेला लोंबतात, हे मुलाला सांगून कळत नाही, दोरीला टांगून कळतं. दोरी हीच शिरोरेघ. मागची बाजू मातकट रंगाने सपाट झाकून टाकली. मुलाला एकच नियम: रंगीत बाजू आपल्याकडे, काठी उजव्या हाताला. (ट, ठ, ड, ढ, द, र, ह यांना काठीच नाही आणि क, फ यांना ती पोटात आहे, पण ते पुढचं.) ग ची सुटलेली काठी अचानक कामाला आली. गोलाई आधी टांगायची, मग काठी, दोन्ही मिळून ग. दोन वर्षांनी तीच काठी काढून अर्धा ग दाखवला आणि जोडाक्षरं चुटकीसरशी झाली.

ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आणि ध चं काय करणार?" ध आणि भ यांचं डोकं अर्धं उघडं असतं. दोरी सरळ वरून गेली की ध चा घ दिसतो. आठवडाभर त्या हेच ऐकवत होत्या.

सुरुवातीबद्दल: ग, म, न. वळणं सोपी, एकमेकांशी जुळणारी, आणि तीन अक्षरांत मन, नमन, गगन असे खरे शब्द दोरीवर लागतात. चौथा भ घेतला की नभ. ग-म-भ-न हा क्रम उगीच रूढ झालेला नाही. क पासून ओळीने जाऊ नका, चौथ्या-पाचव्या दिवशी घ आणि ङ गाठाल आणि ङ ने सुरू होणारा शब्द शोधत बसाल. ण आणि ळ यांचंही तेच, "बाणातला ण, बाळातला ळ" असंच म्हणावं लागतं. स्वरांचं आणि बाराखडीचं इथे लिहीत नाही, तो वेगळा प्रश्न आहे. एवढंच, की पहिली वेलांटी बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी, तिथे दोरीवर मूल गोंधळेल, गोंधळू द्या.

राहिलेल्या सूचना. मणी, बटणं देऊ नका, साडेतीनचं मूल तोंडात घालतं. दोरी मुलाच्या गळ्यापेक्षा बरीच उंच बांधा आणि खेळ झाला की काढून ठेवा, मला हे आधी सुचलं नव्हतं. मुलगी कंटाळली तर डबा बंद करा. आणि हो, या वयात मुलं तशीही उलटी अक्षरं काढतात, दोन्ही बाजूंनी रंगवलेला पुठ्ठा घरात नसला तरी. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचं आपोआप सुटतं. म्हणजे माझ्या मुलाचा उलटा ग सगळाच माझ्या रंगामुळे नव्हता. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि ताईंना माहीत असून त्यांनी तेव्हा सांगितलं नाही असा माझा संशय आहे.

कारण अजूनही घरात कुणाचं मूल बोलायला लागलं की त्या "माझी ती दोरीची युक्ती" म्हणून सुरू करतात. दोरी माझी होती. ध आणि भ ला चिमटा फक्त काठीच्या टोकाला लावायचा आणि उघडं डोकं दोरीच्या बोटभर खाली सोडायचं, ही युक्ती त्यांची. चिमटेही त्यांनीच आणले होते.