होकायंत्रात सुई हवीच कशाला?

प्रश्न असा आहे: फोनमधल्या कंपासात सुई नसते, तर त्याला 'होकायंत्र' म्हणावं की 'दिशादर्शक'?

होकायंत्रच म्हणा. दिशादर्शक घाटातली पाटीही असते. आणि 'जीपीएसवरून दिशा कळते' असं कृपा करून म्हणू नका. रोज कानावर पडतं, रोज चूक असतं. जीपीएस जागा सांगतं. एका जागी उभं असताना तुमचं तोंड कुणीकडे आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही. चालू लागलात तर सरकताय कुठे तेवढं कळेल. गाडीत पाठमोरे बसलात तर तेही उलटं.

आता शब्दाकडे या. 'होका' म्हणजे अरबी 'हुक्का': डबी, लहान भांडं. 'हो का?' या प्रश्नावरून शब्द आला म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, गुजरातीतही होकायंत्रच कसं? तिथे कुणी 'हो का?' विचारत नाही. गुडगुडीसारखं, म्हणजे ओढायच्या हुक्क्यासारखं दिसतं म्हणून होका, हे मतही मला अमान्य. गुडगुडी या शब्दाची आई नव्हे, बहीण आहे. तिलाही 'हुक्का' हे नाव पाण्याच्या भांड्यावरून मिळालं. इटालियन 'बुस्सोला'ही मुळात डबीच, आणि अरबांनी पुढे तोच शब्द 'बूसला' म्हणून उचलला! खलाशांनी नाव सुईला दिलंच नाही, डबीला दिलं. म्हणून बिनसुईच्या फोनला हा शब्द नेमका बसतो.

फोनच्या या डबीत मॅग्नेटोमीटर असतो. तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तीन अक्षांवर मोजतो, बरेचदा भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉलला १८७९ मध्ये सापडलेल्या परिणामाच्या आधारे: चुंबकीय क्षेत्र वाहत्या विजेला बाजूला ढकलतं. खाली कुठे ते अ‍ॅक्सेलरोमीटर सांगतो, म्हणून फोन तिरका धरला तरी चालतं. झटकन वळलात की वळण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप सावरून घेतो. चुंबकीय उत्तरेवरून खरी, म्हणजे उत्तर ध्रुवाकडची, उत्तर दिशा काढायला तुमचं ठिकाण लागतं. जीपीएसचा हात लागतो तो इथे. मुंबईत हा फरक एक अंशही नाही.

पण हे क्षेत्र फार क्षीण. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. आणि आपण फोनला चुंबकाच्या झडपेचं कव्हर घालतो, बाण भलतीकडे वळला की 'जीपीएस बिघडलं' म्हणतो! कव्हर काढा, हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत फोन फिरवा आणि मग बाण बघा.